वाचनालयात लहान लेकरांची सतरंजी कुठं आहे?

मागच्या उन्हाळ्यात नात आली होती. वय चार वर्षं. दुपारी स्वतः झोपत नाही आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला झोपू देत नाही. म्हटलं चला, वाचनालयात नेऊ. आपल्याच भागातल्या एका गावातलं शासनमान्य वाचनालय. (गावाचं नाव लिहीत नाही. तिथले ग्रंथपाल भले माणूस आहेत, आणि मी जे पाहिलं ते आजूबाजूच्या दहा गावांत दिसेल.) टेबलावर वर्तमानपत्रं, भोवती पाच-सहा माणसं, सगळी माझ्याच वयाची. नात दारातच थांबली. आत तिच्या उंचीचं काहीच नव्हतं. थोडा वेळ इकडंतिकडं पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "आबा, माह्यावालं पुस्तक कोनतं हाय?"

पेपर वाचणारे हसले. ग्रंथपालांनी कौतुकानं कपाट उघडलं. एका कप्प्यावर 'बाल' अशी चिठ्ठी चिकटवलेली. त्यातून निघालं एक जाडजूड चरित्र, एक सामान्यज्ञान आणि दोन निबंधांची पुस्तकं. चार वर्षांच्या लेकरानं निबंध लिहायचा म्हणजे कमाल झाली!

हसण्यावारी नेलं खरं, पण प्रश्न डोक्यातून जाईना. मी तिवसा तालुक्यात तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. पहिलीत आलेलं लेकरू पुस्तक उलटं धरतं हे दरवर्षी पाहिलं आणि दरवर्षी आईबापांना दोष दिला. पण शाळेत यायच्या आधी त्याच्या हातात पुस्तक येणार कुठून, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. निवृत्तीनंतर वेळ आहे, म्हणून थोडं जुनं चाळत बसलो. जे सापडलं ते इथं मांडतो. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगतो.

आपल्या वऱ्हाडात वाचनालय ही नवी गोष्ट नाही. अकोल्याचं बाबूजी देशमुख वाचनालय १८६० सालचं आहे. त्याआधी रत्नागिरीत १८२८, नाशकात १८४०, पुण्यात १८४८ अशी वाचनालयं निघाली होती. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं आणि त्यानंतर सातच वर्षांत अकोल्यात वाचनालय उभं राहिलं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण त्या काळातली ही वाचनालयं कुणासाठी होती? वकील, कचेरीतले कारकून, मास्तर, थोडे सावकार. वर्तमानपत्र वाचायचं, देशात काय चाललंय त्यावर बोलायचं. बायका नव्हत्या, तिथं लेकरं कुठून असणार! त्यांना दोष देत नाही, तेव्हा शाळाच मोजक्या होत्या. पण वाचनालय म्हटलं की टेबल, पेपर आणि खाकरणारी मोठी माणसं, हे चित्र तेव्हा ठरलं ते ठरलंच. दीडशे वर्षांनंतर माझी नात त्याच चित्राच्या दारात उभी होती.

लेकरांसाठी मराठीत लिहिणारे होते. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली 'बालबोध' मासिक काढलं, वा. गो. आपट्यांनी १९०६ साली 'आनंद'. पण ही मासिकं ज्याला वाचता येतं आणि ज्याच्या घरी वर्गणी परवडते त्याच्यासाठी. बाकीच्यांचं काय?

याचं उत्तर एका मराठी माणसानं दिलं होतं, फक्त आपल्या मुलखात नाही, बडोद्यात. सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. त्यांनी १९०६ साली अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि मग त्यांना तो प्रश्न पडला जो आजही आपल्या सरकारला पडत नाही: शिकलेलं पोरगं शाळा सोडल्यावर वाचणार काय? अमेरिकेत त्यांनी सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती. १९१० साली तिथले बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बडोद्यात आणले, ते तीन वर्षं राहिले. गावोगाव ग्रंथालयं निघाली. जिथं नव्हती तिथं पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या राज्याच्या खर्चानं पाठवल्या जायच्या. एका गावात वाचून झाली की पेटी पुढच्या गावाला. मोतीभाई अमीन यांच्यासारखे कार्यकर्ते हे काम करत खेड्यापाड्यांत फिरले.

माझं लक्ष मात्र वेगळ्याच गोष्टीनं वेधलं. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात लेकरांसाठी वेगळी खोली होती आणि तिथं पुस्तकांसोबत खेळ ठेवलेले होते. वाचता येवो न येवो, लेकरानं यावं, खेळावं, चित्रं पाहावीत. हा सगळा उद्योग शंभर वर्षांपूर्वीचा. आजही एखाद्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत "लेकरांसाठी खेळणी घेऊ" असं बोलून पाहा. मी बोलून पाहिलं आहे. उत्तर मिळालं, "गुरुजी, हे वाचनालय हाय का बालवाडी?"

बालवाडीवरून आठवलं. ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत राहत होत्या, हे आपल्याकडच्या किती जणांना माहीत आहे? वकील मोडकांशी लग्न होऊन त्या इथं आल्या. तो संसार टिकला नाही. पुढं त्या गुजरातेत गेल्या आणि भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाच्या कामाला लागल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ साली दादरला शिशुविहार. पण शहरातल्या लेकरांवर ताराबाईंचं समाधान झालं नाही. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि १९५७ मध्ये तिथून कोसबाडला, आदिवासी पाड्यांमध्ये. सोबत अनुताई वाघ. तिथं अडचण अशी, की लेकरं बालवाडीत येतच नव्हती. आई कामावर, मोठी बहीण धाकट्याला सांभाळणार, कुणी गुरांमागं. तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलली आणि पाड्याच्या अंगणात नेली. तिचं नाव अंगणवाडी. गुरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली, ती कुरणशाळा.

आज सरकारी फलकावर 'अंगणवाडी' वाचताना हा शब्द कुठून आला ते आपण विसरलो आहोत. लेकरू येत नसेल तर आपण जायचं, एवढा अर्थ त्या शब्दात आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. महाराष्ट्रात मुंबईची धारावी आणि आपल्या जिल्ह्यातली मेळघाटातली धारणी. म्हणजे अंगणवाडीचा धागा अमरावती जिल्ह्याला दोनदा शिवून गेला आहे.

आता घराकडं येतो.

१९३५ साली महाराजांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. त्याच सुमारास, १९३५ मध्येच, साने गुरुजींची 'श्यामची आई' पुस्तकरूपानं आली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण मला ते वर्ष आवडतं. एकीकडं आईच्या मांडीवर ऐकलेल्या गोष्टी कागदावर उतरल्या, आणि दुसरीकडं तुकडोजी महाराज हातात खंजिरी घेऊन अख्ख्या गावाला ऐकवायला बसवत होते.

महाराजांना शाळा फार लाभली नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच असेल, ज्याला अक्षर येत नाही तोसुद्धा ग्रंथाचा मालक आहे, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. १९५५ साली ग्रामगीता प्रसिद्ध झाली. ४१ अध्याय. 'जीवन शिक्षण' या अध्यायाला लागूनच 'महिलोन्नती'चा अध्याय येतो, आणि शेवटचे दोन्ही अध्याय ग्रंथांबद्दल आहेत, 'ग्रंथाध्ययन' आणि 'ग्रंथ महिमा'. गाव कसं बांधावं, आरोग्य कसं राखावं, सण कसे करावेत हे सगळं सांगून झाल्यावर माणूस शेवटी पुस्तकापाशी येऊन थांबतो. आपण ग्रामगीतेची पारायणं करतो, पण या क्रमाकडं कितीदा पाहिलं?

माझ्या मायला अक्षर ओळख नव्हती. सही म्हणजे अंगठा. पण संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला ती मला घेऊन जायची. सरळ ओळी, खाली सतरंजी, पुरुष एकीकडं, बाया एकीकडं, आणि लहान पोट्टे सगळ्यात पुढं. प्रार्थना झाली की कुणीतरी पोथी उघडायचं. एक जण वाचणार, बाकीचे ऐकणार, मधेच कुणी म्हातारा अर्थ विचारणार. मी मायच्या मांडीवर अर्धा झोपेत. माहेरी गेली की माय त्यातलंच ऐकलेलं आपल्या भावजयांना सांगायची, तेही चालीवर. मला पुस्तकाचा पहिला परिचय असा झाला. कानानं. छापील पान हातात आलं त्याच्या कितीतरी आधी मला हे कळलं होतं, की त्या लाल कापडात बांधलेल्या वस्तूतून आवाज निघतो आणि तो निघाला की गाव गप्प बसतं.

आज बालशिक्षणातली माणसं काय सांगतात? लेकराला अक्षर यायच्या आधी त्याला रोज वाचून दाखवा. मांडीवर घ्या, चित्र दाखवा, त्याला बोलू द्या. जितके शब्द कानावर पडतील तितकं पुढं वाचणं सोपं जातं. इंग्लंडात १९९२ पासून तान्ह्या बाळाच्या घरी पुस्तकांची पिशवी मोफत देतात. चांगलंच आहे. पण वाचून दाखवणं ही काही आपल्याला बाहेरून आणायची गोष्ट नाही. आपल्या प्रार्थनेच्या ओट्यावर ती होती. फक्त ती लेकरांसाठी आहे असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि तिथं लेकरांचं पुस्तक नव्हतं.

मग वाचनालयं गावात आली तेव्हा ही सतरंजी आत का गेली नाही? इथं थोडं कायद्याचं सांगावं लागेल. कंटाळू नका.

मुंबई सरकारनं १९३९ साली फैजी समिती नेमली होती. शहरापासून खेड्यापर्यंत ग्रंथालयांची उतरंड कशी असावी याचा आराखडा तिनं दिला. पण तेव्हा वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हतं, मध्यप्रांतात होतं. कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली स्वतःचा ग्रंथालय कायदा केला. तोही आपल्याला लागू नाही. आपण १९५६ ला मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि 'महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम' झाला १९६७ साली. अंमल १ मे १९६८ पासून. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला महाराज गेले. मी तेव्हा सात वर्षांचा. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांची ती वेळ आजही पुण्यतिथी महोत्सवात लाखो माणसं मौन उभं राहून पाळतात, तुम्हांला सांगायला नको.

या कायद्यानं चांगलं काम केलं, हे आधी कबूल करतो. गावातल्या संस्थेनं वाचनालय काढायचं, सरकारनं मान्यता द्यायची, अ, ब, क, ड असा वर्ग ठरवायचा आणि अनुदान द्यायचं. त्यामुळं राज्यात हजारोंच्या संख्येनं वाचनालयं झाली, ती खेड्यापर्यंत पोचली. पण अनुदान कशावर? पुस्तकांची संख्या, वर्तमानपत्रं, नियतकालिकं, सभासद, कामाचे तास, नोंदवही. तपासणीला साहेब आले की हे मोजतात. जे मोजलं जातं ते सांभाळलं जातं. सतरंजीवर बसून गोष्ट ऐकणाऱ्या तीन वर्षांच्या लेकराला कोणत्या रकान्यात लिहायचं? वरच्या वर्गाच्या ग्रंथालयांत बालविभाग असतो, पण खेड्यातली वाचनालयं बहुतेक 'ड' आणि 'क'. ड वर्गाचं वर्षाचं अनुदान होतं ३०,००० रुपये, २०२२ मध्ये ६० टक्के वाढून ४८,००० झालं. त्यातला निम्मा पगाराचा धरला तर महिन्याला २,०००. एवढ्यात माणूस उघडझाप करतो हेच उपकार. त्याला "लेकरांना गोष्टी पण सांगा" म्हणायला जीभ रेटत नाही.

आणखी एक. लेकरू जन्मल्यापासून सहा वर्षांपर्यंत महिला व बालविकास विभागाचं. सहानंतर शालेय शिक्षणाचं. आणि वाचनालय? ते उच्च व तंत्र शिक्षण विभागाचं! अंगणवाडी आणि वाचनालय गावात एकाच गल्लीत असतात, पण त्यांच्या फायली मुंबईत भेटत नाहीत. अंगणवाडीताईंकडं खिचडी आहे, वजनकाटा आहे, तक्ते आहेत, घरी न्यायला पुस्तक नाही. वाचनालयात कपाटं आहेत, लेकरू नाही.

तर मी काय केलं ते सांगतो. फुशारकी म्हणून नाही, कारण निम्मं फसलं.

नात गेल्यावर मी अमरावतीहून लहान मुलांची चित्रांची पुस्तकं आणली. नॅशनल बुक ट्रस्टची, प्रथम बुक्सची, स्वस्तातली. दर शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थनेच्या आधी अर्धा-पाऊण तास ओट्यावर सतरंजी टाकायची असं ठरवलं. पहिल्या शुक्रवारी तीन लेकरं आली, त्यातली दोन माझ्या शेजाऱ्याची. तिसऱ्या आठवड्यात सतरा झाली. पाचव्या आठवड्यात एका पुस्तकाची पानं फाटली आणि एका बापानं येऊन सांगितलं, "गुरुजी, आमचा पोट्टा तोच कागद तोंडात घालून रायला होता, राहू द्या आता." त्या मायबापाला काय सांगणार? जाड पुठ्ठ्याची पुस्तकं महाग पडतात.

पुस्तकातली भाषाही अडली. चित्रात पोरगा दिसतो, खाली लिहिलेलं 'मुलगा खट्याळ आहे'. लेकरं माझ्याकडं पाहत राहतात. मग मी वाचतो 'मुलगा' आणि सांगतो 'पोट्टा', वाचतो 'कशाला' आणि सांगतो 'काऊन'. धारणी-चिखलदऱ्याकडं तर कोरकू लेकरांना माझी वऱ्हाडीही परकी. तिथं काम करणाऱ्यांचा विचार केला की माझी अडचण किरकोळ वाटते.

जमलं ते असं. एक म्हातारी नातवाला सोडायला यायची, बाजूला बसून राहायची. एक दिवस मी कोल्ह्याची गोष्ट वाचत होतो, तर ती म्हणाली, "असं नाही झालं ते, मी सांगतो." (आपल्याकडं बाया 'सांगतो'च म्हणतात.) आणि तिनं सांगितली. मी सतरा लेकरांना तेहतीस वर्षांच्या अनुभवानं जेवढं गप्प बसवू शकलो नव्हतो, तेवढी ती दोन मिनिटांत बसली. आता एक गोष्ट पुस्तकातली आणि एक तिची, असा नेम आहे. दोन-तीन आया आता पुस्तक घरी नेतात. एकीला वाचता येत नाही, ती चित्र पाहून आपल्या मनची गोष्ट सांगते. माझ्या मायची आठवण होते.

बाजूच्या कर्नाटकानं २०१९ मध्ये ग्रामपंचायतींची ग्रंथालयं पंचायत राज विभागाकडं दिली आणि २०२० पासून ६ ते १८ वयाच्या लेकरांना मोफत सभासद करून घेतलं. केरळात वाचनालयाला जोडून 'बालवेदी' असते, मुलांचं मंडळच. आपल्या कायद्यातही असं करायला कुणी मनाई केलेली नाही. मुंबईची वाट पाहत बसलो तर नातीची लेकरं पेन्शनीत निघतील.

ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. दरवर्षी त्यातून काय घेतलं जातं ते ग्रामसभेत बसणाऱ्यांना माहीत आहे, मी इथं लिहीत नाही. या वेळी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी अर्ज देणार आहे. त्यातून जाड पुठ्ठ्याची पुस्तकं घ्यावीत, ती अंगणवाडी आणि वाचनालय या दोघांनी मिळून वापरावीत, बडोद्याच्या पेटीसारखी शेजारच्या गावांत फिरवावीत. आणि फाटलेलं पुस्तक ग्रंथपालाच्या अंगावर न टाकता नोंद करून बाद करावं. या शेवटच्या कलमावर मी अडून बसणार, कारण पुस्तक फाटेल या भीतीनंच कपाटाला कुलूप लागतं. लेकराच्या हातातलं पुस्तक फाटणारच.

अर्जावर सह्या हव्या आहेत. अंगठा चालेल. तिवसा तालुक्यातल्या ज्यांना आपल्या गावात असा अर्ज द्यायचा असेल त्यांनी मसुदा मागावा, पाठवतो. घरी लेकरांची जुनी पुस्तकं पडली असतील तर द्या, मात्र निबंधांची नकोत. शुक्रवारी साडेपाचला ओट्यावर सतरंजी पडते. पाऊस असला तर समाजमंदिरात. चावी माझ्याकडं आहे.